यंत्र उत्तर देते. जाब कोण देणार?

विचार न करता काम उरकणाऱ्या माणसाविषयी ‘अगदी यंत्रासारखा वागतो हो!’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत आता बदलावी लागेल अशी चिन्हे दिसतात. कारण आजचे यंत्र छायाचित्र पाहून रोग ओळखते, बँकेतला संशयास्पद व्यवहार हेरते, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देते आणि धाकट्या चिरंजीवांचा निबंधही लिहून देते. (त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नसते, त्यामुळे तो चिरंजीवांचा नव्हे, हे शाळेतल्या बाईंना ताबडतोब कळते!)

हा चमत्कार एका रात्रीत घडलेला नाही. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात काही गणिती व शास्त्रज्ञ जमले आणि माणसासारखी बुद्धी चालवणारे यंत्र बनवता येईल काय, याची चर्चा त्यांनी सुरू केली. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव त्याच बैठकीच्या निमित्ताने रूढ झाले. दहा माणसांनी दोन महिने नेटाने काम केले तर बरीच मजल मारता येईल, असा त्यांचा होरा होता. त्या दोन महिन्यांची पुढे साठ-सत्तर वर्षे झाली! आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हे देशी गणकयंत्र चालू झाले. त्याला एक मोठे दालन लागत असे. त्याच्या कितीतरी पट शक्ती आज आपण खिशात घालून भाजी आणायला जातो.

पण यंत्र हुशार झाले ते केवळ शक्ती वाढल्यामुळे नव्हे. त्याला शिकवण्याची पद्धत बदलली. पूर्वी यंत्राला नियम सांगावे लागत : असे असेल तर तसे कर. आता त्याला नमुने दाखवतात. हापूसची पेटी घेताना घरातली आजी काय करते ते आठवा. फळ हातात घेते, देठाशी वास घेते, सालीचा रंग पाहते आणि ‘हा नको, तो दे’ म्हणते. तिला याचे नियम लिहून द्यायला सांगितले तर चार ओळींपुढे गाडे जाणार नाही. आयुष्यभर हजारो आंबे पाहिले, हीच तिची विद्या. यंत्रालाही लाखो चित्रे दाखवतात, प्रत्येकाचे खरे उत्तर सांगतात आणि ते चुकले की त्याच्या पोटातल्या आकड्यांची जुळणी किंचित बदलतात. असे असंख्य वेळा केल्यावर यंत्राची नजर बसते.

मात्र आजी आणि यंत्र यांत एक भेद राहतो. आजीने निवडलेला आंबा आत नासका निघाला तर नातवंडे तिला तोंडावर विचारू शकतात. यंत्राला तसे विचारायची सोय नाही. भेद लहान दिसतो. पण सगळी मेख तिथेच आहे.

डोळ्यांचे पारखी

या यंत्रांनी सर्वांत मोलाचे काम कुठे केले असेल तर ते वैद्यकात. त्यातले एकच उदाहरण जरा सविस्तर पाहू.

मधुमेह हा आता घरोघरचा पाहुणा झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्यांतून रक्त झिरपते, सूज येते. या दुखण्याची वाईट खोड अशी की सुरुवातीला काही दुखत नाही, खुपत नाही आणि दिसायचेही कमी होत नाही. देवघरातली पोथी धूसर दिसू लागते तोवर पुष्कळ नुकसान होऊन चुकलेले असते. वेळेवर कळले तर लेसरने आणि इंजेक्शनांनी दृष्टी बव्हंशी वाचवता येते. म्हणून मधुमेह्यांनी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा असे डॉक्टर सांगतात. पण दहा कोटी माणसांचे डोळे दरसाल तपासायला नेत्रतज्ज्ञ आणायचे कुठून?

गूगल कंपनीच्या संशोधकांनी यासाठी पडद्याची १ लाख २८ हजारांहून अधिक छायाचित्रे जमवली. त्यांत अमेरिकेतील होती, तशीच मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारतातील तीन नेत्र रुग्णालयांतलीही होती. ५४ नेत्रवैद्यांच्या गटाने एकेक छायाचित्र तीन ते सात वेळा पारखले आणि रोग किती आहे ते नोंदवले. त्या नोंदींवर यंत्राला शिकवले. मग यंत्राने कधी न पाहिलेली छायाचित्रे त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा उपचारांकडे धाडावे लागेल इतपत रोग असलेल्या शंभरांतले ९६-९७ त्याने अचूक हेरले. २०१६ च्या अखेरीस हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि वैद्यकीय जगात मोठी खळबळ उडाली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकन सरकारने अशाच एका वेगळ्या यंत्राला, डॉक्टरने चित्र न पाहताही निकाल देण्याची परवानगी दिली.

यातले ‘अरविंद’चे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांवर हे रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. तशा बोटांनी त्यांनी हजारो डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. गावोगाव शिबिरे घ्यायची, कामाची शिस्तीने वाटणी करायची, ऐपत असलेल्यांच्या शुल्कातून गरिबांचे डोळे मोफत करायचे, ही त्यांची घडी. तेव्हा यंत्र तिथे आले ते रिकाम्या जागी आले नाही. रोगी सापडला की त्याचे पुढे काय करायचे, हे ठाऊक असलेली माणसे आधीपासून तिथे उभी होती.

अंधाऱ्या खोलीचा प्रश्न

अशी घडी बसलेली नसेल तर काय होते? त्याचे उत्तर थायलंडमध्ये मिळाले.

नोव्हेंबर २०१८ पासून तिथल्या पथुम थानी आणि चिआंग माई प्रांतांतल्या ११ सरकारी दवाखान्यांत गूगलच्या यंत्राचे काम प्रत्यक्ष पाहण्यात आले. पूर्वी परिचारिका डोळ्याचा फोटो काढून दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवीत आणि उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. आता उत्तर काही मिनिटांत मिळणार होते. हेतू उत्तम, यंत्रही उत्तम.

पण प्रयोगशाळेतली छायाचित्रे स्वच्छ होती आणि दवाखान्यातली नव्हती. फोटो चांगला यायचा तर खोलीत अंधार हवा. पुष्कळ दवाखान्यांत तशी खोलीच नव्हती. पहिल्या सहा महिन्यांत यंत्रापुढे १,८३८ छायाचित्रे ठेवली गेली, त्यांतली ३९३ यंत्राने ‘अस्पष्ट’ म्हणून परत केली. म्हणजे पाचांतले एक. ज्याचा फोटो परत आला त्याने तज्ज्ञाकडे जावे असा नियम होता. यंत्राच्या लेखी ती केवळ एक अस्पष्ट प्रतिमा. पण रांगेतल्या बाईच्या लेखी ती दुसऱ्या एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि लांबच्या रुग्णालयाची खेप. कित्येकदा परिचारिकेला फोटो पाहूनच दिसत असे की डोळा ठीक आहे. तरी नियम तो नियम. त्यातच इंटरनेट मंद. एका दवाखान्यात ते दोन तास बंद पडले आणि दोनशेंऐवजी शंभरच माणसांची तपासणी झाली.

संशोधकांच्या सचोटीची तारीफ केली पाहिजे. हे सारे त्यांनी स्वतःच २०२० साली लिहून प्रसिद्ध केले. त्यातून शिकायचे ते हे की, यंत्र किती हुशार हा अर्धाच प्रश्न आहे. खोलीत अंधार आहे काय, इंटरनेट धड चालते काय आणि यंत्र ‘नाही’ म्हणाले तर ‘थांबा आजी, मी बघते’ असे म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे काय, हा उरलेला अर्धा.

तज्ज्ञ घरी बसले नाहीत

डोळ्यांसारखीच गोष्ट छातीची. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. एक्स-रे काढणे आता अवघड राहिलेले नाही. तो वाचणारा तज्ज्ञ मिळणे अवघड. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये, पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या माणसांच्या क्षयतपासणीत एक्स-रे वाचण्यासाठी अशी यंत्रे वापरण्यास मान्यता दिली. मुंबईत २०१६ साली निघालेल्या ‘क्युअर डॉट एआय’ या कंपनीचे यंत्रही हेच काम करते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : एवढ्यावरून क्षय ठरत नाही. थुंकीची तपासणी कुणाची करायची, एवढे यंत्र निवडून देते. निदानावर सही डॉक्टरांचीच.

यंत्रांची ही नजर पाहून मोठमोठ्यांची भाकितेही चुकली. या विद्येच्या जनकांपैकी एक, टोरांटोचे प्राध्यापक जेफ्री हिंटन, २०१६ साली म्हणाले होते की, एक्स-रे वाचणारे नवे डॉक्टर घडवणे आता बंद करावे. पाच वर्षांत यंत्रे त्यांच्याहून सरस होतील. हिंटन यांना २०२४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण भाकीत काही खरे ठरले नाही. अमेरिकेतल्या प्रख्यात मेयो क्लिनिकमध्ये या तज्ज्ञांची संख्या त्यानंतर घटली नाही, वाढली. कारण सावली हेरणे हे त्यांच्या कामाचे एक अंग. जुना फोटो काढून ताडून पाहणे, शल्यवैद्याशी चर्चा करणे, घाबरलेल्या रोग्याला समजावणे ही बाकीची अंगे कुठल्याच आकड्यांच्या जुळणीत बसत नाहीत.

यंत्र आणि माणूस यांनी जोडीने काम करावे हे बरे, याचा पुरावा स्वीडनमधून आला आहे. तिथे १ लाखाहून अधिक स्त्रियांच्या स्तनांच्या तपासणीत दोन तट केले. एका तटाचे फोटो नेहमीप्रमाणे दोन डॉक्टरांनी वाचले. दुसऱ्या तटाचे फोटो यंत्राने आधी चाळले. साधे वाटले ते एका डॉक्टरकडे आणि शंकास्पद ते दोघांकडे गेले. दुसऱ्या तटात कर्करोग २९ टक्क्यांनी अधिक सापडले आणि फोटो वाचण्याचे श्रम ४४ टक्क्यांनी कमी झाले.

पण या नाण्याला दुसरी बाजूही आहे. पोलंडमधल्या चार केंद्रांत, मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना यंत्राची मदत देण्यात आली. काही महिन्यांनी असे आढळले की, यंत्र नसताना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले होते. ही पाहणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. मोबाइल आल्यापासून आपल्याला सख्ख्या भावाचा दूरध्वनी क्रमांकही पाठ राहिलेला नाही. तसाच काहीसा हा प्रकार असावा. सवय मोडली की नजरही बोथटते.

गादीवरचा नवा मुनीम

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी अजूनही वहीची पूजा करतात, जरी खरी वही बहुधा संगणकात असते. त्या वहीवर आता एक नवा मुनीम बसला आहे. तो कोणता माल किती खपेल याचा अंदाज बांधतो, कर्ज कुणाला द्यावे याचा सल्ला देतो आणि नोकरीचे अर्ज चाळतो. जुना मुनीम गिऱ्हाइकाला तीन पिढ्यांपासून ओळखत असे. नवा मुनीम फक्त मागच्या नोंदी ओळखतो. आणि मागच्या नोंदींत मागचे अन्यायही लिहिलेले असतात.

ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज पारखणारे असे एक यंत्र बनवून पाहिले होते. आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज त्याला शिकवण्यासाठी दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. यंत्राने त्यातून काढायचा तो अर्थ काढला आणि अर्जात स्त्रियांच्या संस्थेचा वा संघाचा उल्लेख दिसला की गुण कापायला सुरुवात केली! कंपनीला ते यंत्र गुंडाळावे लागले. २०१८ साली ही हकीकत वर्तमानपत्रांत आली.

दुसरी हकीकत अमेरिकेतल्या रुग्णालयांची. कोणत्या रोग्याकडे जादा लक्ष द्यावे हे ठरवायला एक यंत्र वापरात होते. रोग किती गंभीर हे थेट मोजता येत नाही, म्हणून त्याऐवजी ‘या रोग्यावर खर्च किती होईल’ ते मोजले जाई. आता गरिबावर खर्च कमी होतो तो काही त्याचा आजार हलका असतो म्हणून नव्हे. त्याला दवाखाना परवडत नाही म्हणून. परिणाम असा की सारख्याच आजारी असलेल्या गोऱ्या व काळ्या रोग्यांत काळे रोगी मागे राहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, ही चूक सुधारली असती तर जादा मदत मिळणाऱ्यांत काळ्या रोग्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांहून वर गेले असते. यंत्राने हिशेब चोख केला होता. चुकीच्या वस्तूचा केला, एवढेच.

आता प्रश्न असा की, मुनीम चुकला तर भरपाई कुणी करायची? याचा एक निवाडा फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात झाला. आजी वारल्यामुळे तातडीने प्रवासाला निघालेल्या एका गृहस्थाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राला सवलतीविषयी विचारले. ‘आधी तिकीट काढा, सवलत नंतर मागा’ असे यंत्राने सांगितले. नंतर कंपनी म्हणाली, असा नियमच नाही. लवादापुढे कंपनीचा युक्तिवाद असा की, यंत्र काय बोलले त्याला आम्ही जबाबदार नाही! लवादाने तो साफ फेटाळला. दुकानाच्या फळीवर जे लिहिले ते दुकानदाराचे. मग ते नोकराने लिहिलेले असो की यंत्राने. गृहस्थाला भरपाई मिळाली.

त्याआधी २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर कोर्टात सादर केला. त्यात दाखल्यादाखल दिलेले खटले कधी झालेच नव्हते. यंत्राने ते रचले होते. न्यायाधीशांनी वकिलांना व त्यांच्या कचेरीला मिळून ५,००० डॉलर दंड केला. यंत्राला काही दंड झाला नाही.

उंबऱ्याच्या आत

आता घरातले पाहू. बोलणारी ही नवी यंत्रे कशी उत्तर देतात? अफाट मजकूर वाचून ‘या शब्दापुढे बहुधा कोणता शब्द येईल’ हे ती शिकलेली असतात. त्यामुळे भाषा ओघवती आणि आवाज ठाम. ठाऊक असलेली गोष्ट आणि रचलेली गोष्ट ती एकाच सुरात सांगतात. माणूस थाप मारताना निदान चाचरतो. इथे तोही सुगावा लागत नाही. कानडी शेजारणीचा निरोप समजून घ्यायला, सरकारी पत्रातली अवघड वाक्ये सोपी करून घ्यायला किंवा मुलाला त्रिकोणमिती चौथ्यांदा न रागावता समजावायला हे यंत्र फार चांगले. पण दादांच्या रक्तदाबाची गोळी बंद करू का, हे त्याला विचारून ठरवू नये. त्याने वाचले पुष्कळ; दादांना मात्र पाहिलेले नाही.

यंत्राची नजर चोरांच्याही हाती लागली आहे. २०२४ साली हाँगकाँगमधील एका कंपनीच्या कर्मचाऱ्याला पडद्यावरच्या बैठकीत वरिष्ठ अधिकारी दिसले, बोलले आणि पैसे पाठवा म्हणाले. त्याने १५ हप्त्यांत सुमारे अडीच कोटी डॉलर पाठवले. बैठकीतले चेहरे आणि आवाज यंत्राने बनवलेले होते! नात्यातल्या माणसाचा आवाजही असाच हुबेहूब बनवता येतो. आपल्याकडे खोटे पोलीस पडद्यावर येऊन ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतात आणि पेन्शनर गृहस्थांची आयुष्याची पुंजी लुबाडतात. अशी अटक भारताच्या कायद्यात नाहीच. असा प्रसंग आल्यास दूरध्वनी ठेवून द्यावा, आपल्या माणसाला त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा आणि पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. घरच्या घरी एक परवलीचा शब्द ठरवून ठेवणेही शहाणपणाचे.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, मग ही ब्याद नकोच! तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या गावी नेत्रतज्ज्ञ कधीच येणार नव्हता, तिथल्या म्हातारीची दृष्टी यंत्राने वाचू शकते. ही काही लहानसहान गोष्ट नाही. पण यंत्राने रोग हेरला तरी तिला रुग्णालयात नेणारी, रांगेत बसवणारी आणि ‘घाबरू नका’ म्हणणारी माणसे लागतातच. ती माणसे कमी करून यंत्रे वाढवली, तर म्हातारीच्या हाती फक्त एक छापील निकाल उरेल.

म्हणून रुग्णालय असो, बँक असो वा मुलांची शाळा असो, ‘यंत्राने तसे ठरवले आहे’ असे कुणी सांगितले तर आपण नम्रपणे पण खणखणीत आवाजात तीन गोष्टी विचाराव्या. यंत्राने हे कशावरून ठरवले? चुकले असेल तर फेरतपासणी कोण करील? आणि त्या निर्णयाखाली सही कुणाची आहे? पहिल्या दोहोंची उत्तरे कदाचित यंत्रही देईल. तिसऱ्या प्रश्नाला मात्र समोर एक हाडामासाचा माणूस उभा राहिला पाहिजे. तो उभा राहत असेल तर यंत्राचे खुशाल स्वागत करावे. या दिवाळीत दारातल्या रांगोळीवरून त्यालाही आत घ्यावे. घरचा कारभार मात्र त्याच्या हाती सोपवू नये.